विमानाला शीव कुठं असती?

घरातून माणूस प्रवासाला निघाला की तो मुक्कामी पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही, हा माझ्या सासरचा कायदा. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. आमच्याकडं पाहुणा अर्धा जिना उतरतो न उतरतो तोच आईच्या हातात झाडू यायचा. त्यामुळं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, सासरे पैठणला गेल्या गेल्या मी झाडू उचलला आणि घरातल्या पाच जणांनी एकदम अशी आरोळी ठोकली, की मला वाटलं माझ्या पायाशी साप आहे.

"अगं, माणूस अजून रस्त्यात हाय! त्याच्या मागं केर काढला म्हंजी त्यालाच घराबाहेर झाडल्यागत झालं की!"

हे बोलल्या त्या अक्का. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तेव्हाही घर त्यांच्याच धाकात होतं आणि आज सत्तरी उलटली तरी आहे.

खरं सांगायचं तर मूळ कायदा फार जाचक नव्हता. पाचोडला असताना माणसानं गावची शीव ओलांडली की पुरे. एसटी नाल्यावरच्या पुलावरून गेली की झाडू मोकळा. मग घरात फोन आला. माणूस पोचला की नाही हे कळायला लागलं, आणि कळतंय म्हटल्यावर कळल्याशिवाय केर काढणं पाप ठरलं. यंत्रांमुळं बाईमाणसाची कामं हलकी झाली म्हणतात. आमच्याकडं फोननं एवढंच केलं, की झाडूची रजा वाढवली.

आम्ही संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात फ्लॅट घेतला तेव्हा अक्का पाचोडलाच शेतीवर राहिल्या, आणि कायदा थोडा सैल पडला. पण माझी थोरली लेक शिकायला कॅनडातल्या व्हँकुव्हरला निघाली, तिला वाटेला लावायला म्हणून अक्का आठवडाभर आधी आल्या, आणि त्यांच्याबरोबर कायदाही मुक्कामाला आला.

आता आमच्या ह्यांची ओळख करून देते. ह्यांना आकड्यांचा नाद. लेकीचं तिकीट निघालं त्या दिवशी ह्यांना इंटरनेटवर एक पान सापडलं. त्यात दोन विमानतळांची नावं घालायची, की मधलं अंतर आणि लागणारा वेळ हजर. मग काय विचारता! जेवायला बसलं की घोषणा. "चिकलठाणा ते टोकियो!" "चिकलठाणा ते नैरोबी!" मी आमटी वाढतेय आणि हे मला ब्राझीलचं अंतर सांगतायत. जिथं आमचं कुत्रंही जाणार नाही अशा गावांचे विमानतळ ह्यांनी मोजून काढले.

"चिकलठाणा ते व्हँकुव्हर," एका रात्री ह्यांनी जाहीर केलं, "बारा हजार किलोमीटर. पंधरा तास."

अक्कांनी चष्मा लावून मोबाइलवरची ती पृथ्वीवरून गेलेली वाकडी रेघ पाहिली. "एवढं वाकडं का जातंय? सरळ वाट नाय व्हय?"

"अक्का, पृथ्वी गोल आहे. हीच सगळ्यात जवळची वाट."

"आपल्याला रिक्षावाला असंच सांगतो," अक्का म्हणाल्या आणि चष्मा काढून ठेवला.

रिक्षावाल्याचं ते वाक्य मी तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं. कारण पानावरचा तो वेळ म्हणजे चिकलठाण्याहून उठून न थांबता थेट व्हँकुव्हरला टेकणाऱ्या विमानाचा. असं विमान या पृथ्वीतलावर नाही. लेक इथून संध्याकाळी दिल्लीला जाणार, तिथं उत्तररात्रीपर्यंत बसून राहणार आणि मग पुढचं विमान धरणार होती. पण ह्यांनी सरळ हिशेब केला. शनिवारी संध्याकाळी सहाला निघाली, पंधरा तास धरले, म्हणजे रविवारी सकाळी नऊ. शिवाय तिकिटावर पोचायची वेळ छापलेली, रविवार, सकाळचे पाच. "बघ," हे म्हणाले, "तिकीट पाच म्हणतंय, पान नऊ म्हणतंय. काहीही धर, नाश्त्याच्या आत पोरगी पोचते."

ह्या भरवशावर आम्ही धाकटीच्या पाहुण्यांना रविवारी अकराला होकार दिला.

धाकटी वाळूजला एका कारखान्यात नोकरीला आहे. तिथलाच एक मुलगा तिला आवडला होता आणि त्याला ती. आम्हालाही पसंत. अजिंठ्याकडचं शेतकरी घर, सगळं बरं. गाडी अडली होती ती फक्त मुलाच्या आईपाशी. त्यांना आधी मुलीचं घर बघायचं होतं. आणि त्या बाईंची कीर्ती अशी, की एका ठिकाणी त्यांनी चहाचा कप हातात घ्यायच्या आधी खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि चहा न घेता उठल्या. हे ऐकल्यापासून धाकटी रोज संध्याकाळी खिडक्यांचे गज पुसत होती. पुढं गणपती, मग पितृपंधरवडा, मग त्यांच्या मक्याची सोंगणी. हा रविवार चुकला तर गोष्ट दिवाळीवर गेली असती, आणि दिवाळीपर्यंत त्यांच्या सोयऱ्यांतल्या मुलींची स्थळं काही गप्प बसणार नव्हती. धाकटी वरून हसत होती, पण तिची नखं मी बघत होते. कुरतडून संपली होती.

शनिवारी पाचोडहून जीप भरून माणसं आली. येताना पोतंभर भाजलेल्या शेंगा आणल्या. विमानाला निघणाऱ्या मुलीला बघत बघत त्या सगळ्यांनी खाल्ल्या आणि टरफलं जागच्या जागी ठेवली. मधेच कुणी लोणच्याच्या बरण्या नीट बसाव्यात म्हणून थर्मोकोल चुरला. वजन जास्त भरलं तशी बॅग तीनदा उपसली. शेजारच्या आपा, ज्यांचा मुलगा जेद्दाला असतो, त्या आल्या आणि प्रवास सुखरूप व्हावा म्हणून लेकीच्या दंडाला हिरव्या कापडात नाणं गुंडाळून इमामजामीन बांधून गेल्या. "पहुँचे बाद ये पैसे वहाँ किसी जरूरतमंद कू दे देना बेटा," असं बजावूनही गेल्या. अक्कांनी हातावर दही दिलं. "जाते म्हणू नको, येते म्हण." लेक म्हणाली, येते. सगळे रडलो. मग जीप, रिक्षा आणि दोन स्कूटर अशी वरात चिकलठाण्याच्या विमानतळावर गेली, आणि जीप तिथूनच पाचोडला परतली.

परत येऊन दार उघडलं तर हॉलमध्ये जत्रा उठून गेली होती. टरफलं, चुरा, सुतळीचे तुकडे, वर्तमानपत्रं, कुणाच्या तरी चपलेचा काळ्या रानातला चिखल. सवयीनं माझा हात दारामागं गेला. झाडू नव्हता.

अक्का विमानतळावर आल्या नव्हत्या; दिवाणावर मांडी घालून बसल्या होत्या. चेहरा असा शांत, की संशय यावाच.

"अक्का, झाडू कुठंय?"

"हाय."

"कुठं?"

"हाय म्हणलं ना. पोरगी पोचू दे."

मी वाद घातला नाही. सकाळी नऊला फोन येईल, अकराला पाहुणे, मधे दोन तास. दोन तासांत मी अख्खं पाचोड झाडून काढलं असतं.

रविवारी नऊ वाजले. फोन नाही. साडेनऊ. ह्यांनी मोबाइल चार्जिंगला लावला, काढला, परत लावला. दहा वाजले. अक्का जपमाळ ओढायला लागल्या. मी पोह्यांचा कांदा चिरत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा कांद्याचे आभार मानत होते. मनात नाही नाही ते येत होतं आणि ते कांद्यावर ढकलता येत होतं.

तेवढ्यात धाकटीनं ह्यांच्या हातातलं तिकीट ओढून घेतलं. बघितलं. डोळे मिटले. "बाबा, हे सकाळचे पाच तिथले आहेत."

"मग?"

"मग आपल्याकडं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच असतील! ती अजून विमानात आहे. पोचायला अजून सात तास आहेत!"

ह्यांनी एकदा तिकिटाकडं पाहिलं, एकदा त्या लाडक्या पानाकडं. जगातले सगळे विमानतळ मोजणाऱ्या माणसाला तिथलं घड्याळ बघायचं सुचलं नव्हतं. पण त्या क्षणी मला ह्यांची पापी घ्यावीशी वाटली. लेक सुखरूप होती, फक्त आम्ही मूर्ख होतो. यापेक्षा चांगली बातमी काय असते?

अक्कांनी माळ कपाळाला लावली. "म्हंजी अजून वरच हाय?"

"हो अक्का, वरच आहे."

"मग झाडू नाय."

आणि मग आमच्या आनंदाच्या मधोमध त्या टरफलांकडं आम्हा सगळ्यांचं एकदम लक्ष गेलं. दहा वाजून गेले होते. पाहुण्यांना थांबवावं, तर ते अजिंठ्याहून कधीचे निघालेले. धाकटीनं अक्कांचे पाय धरले. "आत्या, पाया पडते. त्या बाई बोट फिरवतात."

"अगं, तुझीच बहीण हाय ना वर?"

आता हे वकिली करायला पुढं आले. चूक ह्यांची, तेव्हा जोर जास्त. "अक्का, मूळ कायदा शिवेचा आहे. विमान उडालं आणि मिनिटभरात शीव ओलांडली. आता ते चीनवर आहे, हे बघा." मोबाइलवर एक पिवळं विमान मुंगीच्या पावलानं सरकत होतं.

अक्कांनी ते नीट पाहिलं. "शीव भुईवर असती. दगड रोवलेला असतो, मारुतीचं देऊळ असतं. वर आभाळात शीव दाव मला, मी आत्ता झाडू देते. दाव की! विमानाला शीव कुठं असती?"

ह्यांनी ते लाडकं पान उघडून पाहिलं. त्यात शीव नव्हती.

"व्हॅक्यूम क्लीनर," हे म्हणाले. "तो झाडू नाही, यंत्र आहे."

"काम काय करतंय? केरच नेतंय ना?"

मग मी माझी शक्कल काढली. "अक्का, वाऱ्यानं केर गेला तर चालतो?" अक्का विचारात पडल्या, आणि त्यांचा विचार पुरा व्हायच्या आत मी बाल्कनीचं दार उघडून पंखा पाचवर केला. टरफलं हलली नाहीत. थर्मोकोल मात्र उठला. पांढरा चुरा हॉलभर गरगर फिरला, पडद्यांना चिकटला, सोफ्याला चिकटला, ह्यांच्या मिशीवर बसला. लेक पोचायच्या आधी व्हँकुव्हरचा बर्फ आमच्या हॉलमध्ये पडला.

आवाज ऐकून आपा आल्या. दारातच थांबल्या. "या अल्ला, भाभी, ये क्या हुआ?"

सगळं ऐकल्यावर त्यांनी अक्कांनाच विचारलं, "अक्का, हाथ से उचलना तो चलता ना? हाथ कू कायको बंदी?"

अक्कांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, "हाताला नाय बंदी. हातानं उचला."

झालं! आपांनी ओढणी खोचली. मी, धाकटी, आपा आणि हे, चौघंही गुडघ्यावर आलो. एकेक टरफल, एकेक पांढरा दाणा. अक्का दिवाणावरून मुकादमी करत होत्या. "तिकडं कपाटाखाली. भाऊ, तुझ्या ढोपराखाली हाय बघ." हे दिवाणाखाली शिरले आणि तिथं कमरेत अडकले. आपा हसायला लागल्या, मग मी, मग धाकटी. आम्ही इतक्या हसलो की बेल ऐकूच आली नाही. दार तर आपा आल्या तेव्हापासून उघडंच होतं.

मान वर केली तर दारात एक पिस्ता रंगाची इस्त्रीची साडी उभी होती आणि तिच्या मागं मुलगा. त्याचे वडील कपाशीच्या फवारणीला थांबले होते. त्या बाईंच्या समोर आम्ही तिघी जणी चार पायांवर, आणि दिवाणाखालून बाहेर आलेले ह्यांचे दोन पाय.

मी तोंड उघडलं. मला कुठल्याही प्रसंगी गोष्ट रचता येते, ही माझी ख्याती आहे. पण अक्का माझ्या आधी बोलल्या. सरळ. "थोरली पोरगी विमानात हाय. अजून पोचली नाय. म्हणून केर काढला नाय."

बाईंनी हॉलवरून नजर फिरवली. पडदे पाहिले. ह्यांचे पाय पाहिले. धाकटीचा जीव तिच्या डोळ्यांत आला होता. मग त्यांनी विचारलं, "कवा निघाली?"

"काल दिवस मावळताना."

"आन् पोचायची कवा?"

"आज दिवस मावळताना," अक्का म्हणाल्या.

बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला, दिवाणावर अक्कांच्या शेजारी बसल्या. "आमच्याकडं फोन येईस्तवर चुलीची राखसुद्धा भरत नाय. तुम्ही चूल तरी पेटवली का?"

"पोहे हायेत."

"मग आणा की."

खिडकीच्या गजाकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. धाकटीचे पंधरा दिवसांचे कष्ट वाया गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

बेत तासाभराचा होता. पोहे झाले, जेवण झालं. चार वाजले. मुलगा दोनदा घड्याळ बघून म्हणाला, "आई, निघायचं का?" बाई हलेनात. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी त्याला झापलं. "तुला काय अक्कल हाय का? आपण आत्ता निघालो, तर हे आपण अजिंठ्याला पोचेस्तवर केर काढणार नाहीत. आपण पोचणार दिवे लागल्यावर. दिवे लागल्यावर केर काढत नाहीत, लक्ष्मी जाती. म्हंजी यांचं घर उद्यापर्यंत असंच! फोन येऊ दे, केर निघू दे, मग निघू."

अक्कांनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू जन्मभर एकट्यानं एखादी भाषा बोलत आलेल्या माणसाला अचानक ती बोलणारं दुसरं कुणी भेटावं.

मग वाट बघणं आलं. पोरगी पोचणं आणि दिवे लागणं, यांची शर्यत. पाच वाजता पिवळं विमान समुद्रावर होतं. साडेपाचला किनाऱ्यावर. पावणेसहाला ते मोबाइलवरून गायब झालं. "उतरली," हे म्हणाले. अक्का आणि बाई एका सुरात म्हणाल्या, "फोन येऊ दे." बाहेर ऊन तांबूस होत चाललं. सव्वासहा झाले. आपा आपल्या दारात उभ्या राहून दुआ करत होत्या. बाई खिडकीपाशी उभ्या, एका डोळ्यानं सूर्य, एका डोळ्यानं फोन.

साडेसहाला वाजला.

"आई, पोचले गं! आत्ता बाहेर आले रांगेतून. इथं अजून अंधार आहे, थंडी आहे. आणि आपांना सांग, ते नाणं..."

"बाई, नंतर!" मी ओरडले. "आधी केर काढू दे!"

बारा हजार किलोमीटर गेलेल्या लेकीशी तिच्या आईचं पहिलं बोलणं हे असं झालं. ती अजून ऐकवते.

अक्का उठल्या, माझ्या कपाटापाशी गेल्या आणि खालच्या कप्प्यातून आपल्या नऊवारीत गुंडाळलेला झाडू काढला. माझ्याच कपाटात! मी हात पुढं केला, धाकटीनं केला. अक्कांनी दोघींना ओलांडून झाडू त्या मुलापुढं धरला.

"येतंय का रं?"

मुलगा लाल झाला. त्याची आई म्हणाली, "घरी तर त्यानं कधी हातात धरला नाय."

"आई, वाळूजच्या खोलीवर मीच झाडतो," तो म्हणाला, आणि बाह्या सरसावल्या.

त्यानं आधी पंखा बंद केला. तेव्हाच मी त्याला पास केलं होतं. मग कोपऱ्यातून सुरुवात करून, दिवाण सरकवून, वाकून, न बोलता त्यानं सगळा हॉल काढला. शेवटी सुपली धरायला धाकटी खाली बसली. दोघं एकमेकांकडं बघत नव्हती, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडंच बघत होतो. बाहेर दिवस बुडायला आला होता.

अक्कांनी कपाटाखाली वाकून पाहिलं, दारामागं पाहिलं. मग मुलाच्या आईकडं वळल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुमचं पोरगं कोपरा सोडत नाय."

'विहीणबाई' हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. बाई एवढंच म्हणाल्या, "मग साखर आणा की." माझी साखर सापडेना, कारण डबा दिसायला डोळे कोरडे असावे लागतात. शेवटी आपांनी त्यांच्या घरून आणली.

दिवे लागले तशी विहीणबाईंची गाडी निघाली. गाडी वळणापलीकडं गेली तेव्हा आपांनी आणलेली साखर फरशीवर सांडलेली दिसली, पण आमच्यापैकी कुणी दारामागं हात घातला नाही.

हे मोबाइल काढत म्हणाले, "शंभर किलोमीटर. अडीच तासांत पोचतात."

अक्का दिवाणावर आडव्या झाल्या, डोळे मिटले.

"तिथले का इथले?"